पार्बताबाई, विळा तापला होता

अन्वी, ईशान,

गेल्या रविवारी फोनवर मी तुमच्या बाबांना म्हणाले, "अरे, शहापूरची पार्बताबाई गेली." त्यांनी विचारलं, "कोण पार्बताबाई, आई?" मी म्हटलं, "आधी सानगडीला होती ती. तुला न्हाऊ घालायची." ते "अच्छा" म्हणाले आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करू लागले.

त्यांचा दोष नाही. ती आमच्याकडे यायची तेव्हा ते दीड महिन्याचे होते, आणि मोठे झाल्यावर मी त्यांना तिच्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगायला गेले असते, तर मला एका ठिकाणी थांबावं लागलं असतं. त्या ठिकाणी मी काय केलं हे फक्त पार्बताबाईला आणि मला माहीत होतं. आता मला एकटीलाच माहीत आहे, आणि माझं वय पाहता ते लिहून ठेवलेलं बरं.

तुम्ही मराठी बोलता, पण वाचताना अडखळता. म्हणजे हे बहुधा बाबाच तुम्हाला वाचून दाखवतील. वाचता वाचता ते थांबले, तर त्यांना पाणी द्या आणि पुढे वाचायला सांगा.

मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे. पण तुम्हाला उद्देशून लिहिते तेव्हा त्याचा अहवाल होतो. तीन कागद फाडून झाले. म्हणून इथून पुढे मी तिच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

पार्बताबाई,

तू मला 'तुमी' म्हणायचीस आणि मी तुला 'तू'. तू माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी होतीस. पण सानगडीच्या आमच्या घरात सगळे तुला 'तू' म्हणत, मग मीही म्हणू लागले. तुझी कपबशी न्हाणीच्या कोनाड्यात वेगळी, पालथी घातलेली असायची. पहिल्या आठवड्यात ती दिसली की मी मनात म्हणायची, हे बरोबर नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मनात म्हणणंही सुटलं. झोप मिळाली नाही की माणसाची भूक जायच्या आधी हे असलं काहीतरी जातं.

पंच्याहत्तर-शहात्तरचे दिवस ते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाळंत होऊन मी सानगडीला सासरी आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत तीन गोष्टी होत्या. नागपूरहून वडिलांनी पाठवलेलं बाळसंगोपनाचं इंग्रजी पुस्तक, एक गजराचं घड्याळ आणि एक वही. पुस्तकात लिहिलं होतं की बाळाला दर चार तासांनी पाजावं, मध्ये रडलं तरी उचलू नये, म्हणजे त्याला शिस्त लागते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. छापलेल्या वाक्यावर माझा फार विश्वास.

तू पहिल्या दिवशी आलीस, पाटावर बसलीस, पाय लांब केलेस आणि त्याला नडग्यांवर पालथा घेतलास. पाणी कोपराने पाहिलंस. त्याच्या पाठीवरून तुझा हात एकदाच खाली गेला आणि तो गप्प झाला. मी घड्याळ घेऊन दारात उभी होते. तू मान वर न करता विचारलंस, "हे काय घेऊन राह्यल्या बाई?"

"त्याच्या पाजायच्या वेळा. अजून पन्नास मिनिटं आहेत."

"भूक टुऱ्याले लागते का घड्याराले?" टुरा म्हणजे पोरगा.

आतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोठ्याने हसल्या. मला राग आला. त्या दिवशीच्या पानावर मी लिहून ठेवलं की न्हाऊ घालणारी बाई उद्धट आहे. इंग्रजीत लिहिलं, म्हणजे कोणाला वाचता येऊ नये.

तिसऱ्या आठवड्यात रडणं सुरू झालं. दुपारी चारला सुरू व्हायचं. आधी तो कपाळाला आठ्या घालायचा, मग मुठी वळायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा आणि लालबुंद होऊन ओरडायचा. पोट हाताला दगडासारखं लागायचं. थोडा वारा सरला की दहा मिनिटं शांत, पुन्हा तेच. दिवेलागण व्हायची, जेवणं व्हायची, आळी झोपायची, तो ओरडतच असायचा. पहाटे दमून डोळा लागायचा तो कोंबडा आरवेपर्यंत. आम्ही काय केलं नाही? बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. विड्याचं पान दिव्यावर गरम करून पोटाला शेकलं. वेखंडाचं बोट चाटवलं, ओव्याची धुरी दिली. साकोलीच्या डॉक्टरांनी बाटलीतलं औषध दिलं आणि सांगितलं की गॅस आहे, आपोआप जाईल. आत्याबाईंनी माझ्या ताटातली लाखोळीची डाळ बंद केली, मग वांगं बंद केलं, मग जवळजवळ सगळंच. मी वहीत लिहीत होते. किती वाजता पाजलं, किती वाजता रडला, किती वेळ. मला वाटायचं, पुरेसं लिहिलं तर त्यातून कारण सापडेल. पानं भरली. कारण सापडलं नाही.

तू एकटीच होतीस जी काही उपाय सांगत नव्हतीस. धान कापायचे दिवस होते. तू सकाळी त्याला न्हाऊ घालून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापणीला जायचीस आणि संध्याकाळी सुट्टी झाली की अंगाला धानाच्या तणसाचा वास घेऊन परत यायचीस. त्याला पालथा आपल्या हातावर टाकायचीस, त्याचं डोकं तुझ्या कोपराशी, पाय दोन्हीकडे लोंबते, आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचीस. "जा बाई, पडा उलीसक्या." थोडं पड म्हटलं तरी मला झोप यायची नाही. मी दारात बसून तुला प्रश्न विचारायची.

"पण तो रडतो का, पार्बताबाई?"

"लेकरू हाये. मंग काय हसन?"

"कधी थांबेल?"

"थांबन तवा थांबन."

"हे काय उत्तर झालं?"

"तुमाले कारन सांगतलं, त तो उगी रायीन का?"

हा आपला वाद. रोज व्हायचा, आणि कधी संपला नाही. आज मी तुझ्या बाजूने बोलेन असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. मला अजूनही कारण हवं असतं. पण त्या दिवसांत तुझं म्हणणं ऐकायला हवं होतं. मी ते ऐकलं असतं, तर मी कोणाकडे काही मागितलं नसतं.

ह्यांची नोकरी भंडाऱ्याला होती. ते शनिवारच्या एसटीने यायचे आणि आवाज सहन होत नाही म्हणून घरच्या दुकानात झोपायचे. ह्यांच्या पोटावर, बेंबीच्या डाव्या बाजूला, चिंचोक्याएवढे तीन डाग होते, गुळगुळीत आणि पांढुरके. लग्नानंतर पहिल्यांदा दिसले तेव्हा मी विचारलं. ते सहज म्हणाले, "लहानपणी पोट फुगलं होतं. आईनं डाग देल्ला." तापवलेल्या विळ्याचं टोक तान्ह्या पोराच्या पोटाला लावतात, ही गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या मुलाला हे कोणी करणार नाही.

आत्याबाईंना मी दोष देत नाही. त्यांना पाच मुलं झाली. पहिल्या दोघांना डाग दिला नव्हता, ती दोघं पोट फुगून गेली. पुढच्या तिघांना दिला, तिघं जगली. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यापुढे माझं पुस्तक काय? तरी त्या माझ्याशी जबरदस्ती करत नव्हत्या. संध्याकाळी फक्त म्हणायच्या, "सूनबाई, तू हो म्हन. टुरा सुटन." आणि मी नाही म्हणायची. तीन आठवडे नाही म्हणाले.

सहाव्या आठवड्यात एकदा रात्रीचं रडणं सकाळ झाली तरी थांबलं नाही, तेव्हा मी त्याला बाजेवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. गोधडी जाड होती, त्याला काही झालं नाही. क्षणभर तो दचकून गप्प झाला आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मला आजही आठवतं. मी गोठ्यात जाऊन दोन्ही कानांत बोटं घालून उभी राहिले. मग घरात आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "द्या डाग."

माझ्या मुलासाठी कोणी मागितला, तर मीच मागितला. हे त्याला माहीत नाही.

तुला बांधीतून बोलावणं गेलं. तू आलीस तशी विळा कमरेलाच होता. आत्याबाई म्हणाल्या, "पार्बता, टुऱ्याले डाग द्याचा हाये. सूनबाई हो म्हनते."

तू माझ्याकडे पाहिलंस. "सोडलं मी ते, मालकीनबाई. लई वर्सं झाले."

"आजच्या दिवस दे. नाई त पल्याडच्या गावचा बुढा बोलावतो. तो पाच पाच देते. तुया हात हलका हाये म्हनून तुले म्हनून राह्यलो."

तू पुन्हा माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "दे पार्बताबाई. तूच दे."

न्हाणीच्या चुलीत गोवऱ्या होत्या. तू विळ्याचं टोक त्यांत खुपसलंस. ते हळूहळू लाल होत गेलं. तो रडतच होता. मग आत्याबाई म्हणाल्या, "माह्याच्यानं नाई पाहवत," आणि डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या. तू विळा घेऊन बाळंतिणीच्या खोलीत आलीस आणि दार लावून घेतलंस.

"बाई, खरंच तुमीच म्हनलं का?"

"हो."

"पुस्तकात हाये?"

"नाही."

"मंग?"

"मला झोपायचंय, पार्बताबाई."

तू विळा पाटाच्या कडेवर टेकवलास. लाकडातून धूर निघाला. "माह्या टुरीले देल्ला होता," तू म्हणालीस. "याच हातानं."

"मग?"

"मंग काई नाई. पिकला. गेली."

इतकंच बोललीस. पुढे कधी तू त्या लेकीचं नाव काढलं नाहीस आणि मी विचारलं नाही. बाजेवर त्याचा एक ओला लंगोट पडला होता. तो तू पाटावर पसरलास आणि त्यावर विळा दाबलास. चर्र आवाज झाला आणि करपल्याचा वास खोलीभर झाला. बाहेर आत्याबाईंचा हुंदका ऐकू आला. मी तुझ्याकडे पाहतच राहिले. तू कोनाड्यातला माझा कुंकवाचा करंडा घेतलास, समईखालची काजळी बोटावर घेतलीस, तळहातावर तेलात दोन्ही कालवलंस आणि त्याच्या बेंबीच्या डाव्या बाजूला तीन ठिपके काढलेस. एक फार लाल झाला. त्यावर आणखी काजळी घातलीस, फुंकर मारलीस आणि मान तिरकी करून पाहिलंस. तो पाय झाडत होता. नंतर तू त्याच्या पोटाभोवती कापड गुंडाळलंस आणि हळूच म्हणालीस, "आता रडा."

"काय?"

"टुरा त रडूनच राह्यला. तुमी बी रडा. नाई त बुढीले खरं नाई वाटनार."

मला रडायला सांगायची गरज नव्हती.

आत्याबाई तुला लुगडं द्यायला लागल्या. तू घेतलं नाहीस. "लेकराच्या डागाचं लुगडं मी नाई घालत," म्हणालीस आणि विळा कमरेला लावून परत कापणीला गेलीस.

त्यानंतरचे आठ दिवस मला आठवतात ते तुझ्या सकाळच्या कामामुळे. तू न्हाऊ घालायचीस, दार लोटायचीस, ठिपके पुन्हा काढायचीस आणि कापड बांधायचीस. आत्याबाईंना सांगितलं होतंस की दहा दिवस डागाला वारा लागू द्यायचा नाही. तो रडत होताच, अगदी तसाच. पण आत्याबाईंची भीती गेली होती. "आतली गरमी निघून राह्यली," त्या म्हणायच्या आणि त्याला मांडीवर घेऊन बसायच्या. मला दूधभात वाढायच्या. पुन्हा डाळही मिळू लागली. घर मऊ झालं होतं. कुंकू आणि काजळी एवढ्यावर ते झालं होतं, आणि हे फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. एकदा ठिपके काढताना तू म्हणालीस, "कालचा इकडे होता का तिकडे?" आणि आपण दोघी तोंडावर पदर धरून हसलो. त्या हिवाळ्यात मी तेवढंच हसले.

आठव्या दिवशी जाताना तू म्हणालीस, "उद्या माह्या बांधीत कापनी हाये. उशीर होईन. याले पानी लावू नोका. मी येतो, मंग न्हाऊ घालू."

मी हो म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास तो माझ्या कुशीत झोपला. उन्हं वर येत असताना तो कधीच झोपला नव्हता. मी हललेसुद्धा नाही. त्याचा श्वास ऐकत होते आणि ऐकता ऐकता माझाही डोळा लागला.

मी झोपले, पार्बताबाई. एवढीच माझी चूक असती तर मी ती तुला केव्हाच सांगितली असती आणि तू हसली असतीस.

जाग आली तेव्हा दारातून ऊन बाजेपर्यंत आलं होतं आणि तो जवळ नव्हता. मी बाहेर धावले. आत्याबाई न्हाणीत पाटावर बसल्या होत्या. तो त्यांच्या पायांवर उघडा, पाण्याने चकाकत होता. त्याला भूक लागून तो उठला होता, आणि मला झोपू द्यावं म्हणून त्या त्याला अलगद घेऊन गेल्या होत्या. माझ्यावर दया आली म्हणून. त्याचं पोट स्वच्छ होतं. पाटाखालून तांबूस पाण्याचा ओघळ मोरीकडे जात होता.

आत्याबाई त्या ओघळाकडे पाहत होत्या. तेवढ्यात तू आलीस, केसांत तणसाच्या काड्या घेऊन. आवाजाने शेजारच्या दोघीतिघी कुडाशी आल्या.

"हे काय हाये, पार्बता?"

तू मोरीकडे पाहिलंस.

"नऊ दिवसांत डाग मिटते का? माह्या पोराचा तीस वर्सांत नाई मिटला!"

"देल्लाच नाई," तू म्हणालीस.

"देल्लाच नाई? माह्या घरात येऊन मले फसवलं? टुऱ्याले काई झालं असतं त? म्हनून लुगडं नाई घेतलं का वो?"

"झालं का काई? पाहा ना. पोट पाहा त्याचं."

"मले शिकवू नोको!" आत्याबाई ओरडल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "सूनबाई, तू होती ना खोलीत. तुले मालूम होतं?"

ते ठिकाण हेच.

मला हो म्हणता आलं असतं. मी पुढे होऊन म्हणू शकले असते, आत्याबाई, मला माहीत होतं. बघा, डाग न देता आपलं लेकरू नऊ दिवस जगलं. कुडापलीकडच्या बायकांनी ते ऐकलं असतं. त्या आळीत शिकलेली मी एकटीच होते. मी बोलले असते तर थोडंतरी वजन पडलं असतं. पण मी आत्याबाईंचा चेहरा पाहिला. मला वाटलं की आता घर पुन्हा कडक होईल, आता कोणी मुलाला मांडीवर घेणार नाही, आता रात्री पुन्हा मी एकटी. मी म्हणाले, "नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. तू मला नीट पाहिलंस, आंघोळीच्या वेळी त्याला पाहायचीस तसं. आणि आत्याबाईंना म्हणालीस, "बाईले कायले इचारता? त्याईनं डोरे मिटले होते."

"उद्यापासून येऊ नोको."

तू कोनाड्यातली तुझी कपबशी घेतलीस, पदरात बांधलीस आणि गेलीस.

त्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं की दोन तास दहा मिनिटं झोपले. दुसरं काही लिहिलं नाही.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत. आळीत चार घरी बाळंतिणी होत्या. चारही घरांनी तुला सांगितलं की येऊ नको, पार्बता लबाडी करते. आणि त्याच हिवाळ्यात पल्याडच्या गावचा बुढा दोनदा आमच्या आळीत आला. दुसऱ्या घरातल्या लेकराचं कण्हणं आमच्या परसात ऐकू यायचं, बरेच दिवस. मग येईनासं झालं. ते बरं झालं की काय झालं, हे मी विचारलं नाही. आजही मला माहीत नाही. तुझ्या सांगण्यात काही अर्थ आहे हे त्या घराला पटवून देणारं एकच पोट होतं, आणि ते माझ्या मांडीवर होतं. मी ते झबल्याने झाकून ठेवलं होतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी चार वाजले आणि तो रडला नाही. मी घड्याळ समोर घेऊन बसले होते. साडेचार झाले. पाच झाले. तो आढ्याकडे पाहून हात हलवत होता. हिंगाने नाही, औषधाने नाही, कशानेच नाही. थांबायचं तेव्हा थांबलं. तुला सांगायला जावं असं इतकं वाटलं की मी चपला घातल्या. तू तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जात होतीस, हे मला कळलं होतं. मी चपला काढल्या.

नंतर आम्ही भंडाऱ्याला आलो. आत्याबाई गेल्या, त्यांनाही मी सांगितलं नाही. तो दहा वर्षांचा असताना तू भंडाऱ्याच्या बसस्टँडवर भेटलीस. डोक्यावर बोचकं, शहापूरला मुलाकडे राहायला चालली होतीस. "हाच का टुरा?" म्हणालीस आणि शर्टावरून त्याच्या पोटावर हात ठेवलास. तो लाजून माझ्यामागे लपला. "रडते का अजून?" तू विचारलंस. मी हसले. मी बोलायला तोंड उघडलं आणि तुझी गाडी लागली.

गाडी लागली हे खरं आहे. पण पुढची अर्ध्या तासाने होती, हेही खरं आहे.

माझे हे गेल्यानंतर मी एकदा मुद्दाम शहापूरला आले. तुझी नजर कमी झाली होती, आवाजावरून ओळखलंस. तू चहा मांडलास. स्टीलच्या दोन पेल्यांत ओतलास, एक मला, एक तुला, सारखेच पेले. मी म्हणाले, "पार्बताबाई, त्या दिवशी न्हाणीत मी..." आणि तू म्हणालीस, "चाय घ्या बाई, थंडी होऊन राह्यली." दोनदा मी सुरुवात केली, दोनदा तू चहा पुढे केलास. मी घरी येताना स्वतःला सांगितलं की तिने माफ केलं. आज वाटतं, मला मोकळं करायचं नसेलही तुला. तेवढा तरी तुझा हक्क होता. विचारायचं राहिलं. हे, आणि तू माझ्यासाठी ते सगळं का केलंस, हेही. तुला कारणं विचारलेली आवडायची नाहीत.

तुझी बातमी मला शहापूरहून येणाऱ्या भाजीवालीने सांगितली. मी तिसऱ्या दिवशी पोचले. तुझ्या सुनेने पाणी दिलं. "काही बोलली का जाताना?" मी विचारलं. "नाई बाई," ती म्हणाली. "झोपीतच गेली." मग तिने विचारलं, "तुमी कोन?"

पार्बताबाई, पन्नास वर्षांनंतरही मला तेवढं साधं जमलं नाही. मी म्हणाले, "ओळखीची."

ती वही माझ्या कपाटात आहे. सगळ्या वेळा त्यात आहेत, मिनिटांसकट. उद्धट बाई असा उल्लेख आहे, तुझं नाव कुठेही नाही. तुझा फोटो कोणी काढला नव्हता. सानगडीची ती न्हाणी आता नाही. ज्यांनी तुला लबाड म्हटलं आणि ज्यांनी म्हणू दिलं, त्यांच्यातली मीच उरले आहे.

आणि तो आहे. पन्नाशीला आला आहे. त्याच्या पोटावर एकही डाग नाही.